चिठ्ठीची कोरी बाजू

वऱ्हाडात कोणतंही झाड विकायला ठेवा, गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला.

"याले फळ काय लागते?"

अकोल्याहून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी नर्सरी आहे. तीस वर्षं झाली. आता सगळा कारभार सून बघते आणि मी सावलीत खुर्ची टाकून तिच्या चुका काढते. यालाच आमच्याकडे निवृत्ती म्हणतात. फळाचा हा प्रश्न मला गुलाबाबद्दल विचारून झाला आहे, मनी प्लांटबद्दल झाला आहे, एकदा तर तुळशीबद्दलही झाला. कॅला लिलीबद्दल तो हटकून होतो.

"फळ नाई लागत भाऊ. फूल लागते."

"वास हाये?"

"फारसा नाई."

"केसात माळतात?"

"नाई. दांडा लांब असते."

"मंग करतात काय त्याचं?"

"पाहतात."

यावर गिऱ्हाईक आधी माझ्याकडे पाहतं, मग फुलाकडे पाहतं, आणि तिथेच फसतं. फुटाणेवाला कागदाचा पुडा वळतो ना, तसा एकच एक गुळगुळीत पुडा, काठ जरासा बाहेर दुमडलेला आणि आत मधोमध पिवळी कांडी. पांढरा, पिवळा, गुलाबी, कधी पिकल्या जांभळाच्या रंगाचा. खरं म्हणजे तो पुडा हे फूल नव्हेच, ते रंगलेलं पान आहे. खरी फुलं त्या कांडीवर बारीक बारीक चिकटलेली असतात. पण हे मी सांगत बसत नाही. फळ नाही, वास नाही, त्यात फूलही नाही म्हटलं तर माणूस सरळ गाडीला किक मारेल. धंद्यात काय सांगायचं यापेक्षा काय सांगायचं नाही हे आधी शिकावं लागतं, आणि मी ते फार लवकर शिकले. त्याचं पुढे काय झालं, तेच मला आज सांगायचं आहे.

नर्सरी काढण्याआधी अकरा वर्षं मी अमरावतीला एका सरकारी रोपवाटिकेत रोजंदारीवर होते. काम एकच, काळ्या पिशव्यांत माती भरायची. तिथले म्हातारे माळी मला म्हणायचे, "पोरी, झाडाले काय पायजे ते सारेच इचारतात. त्याले काय नको, ते इचारत जा." मी मान डोलवायची आणि पिशव्या भरत राहायची.

कॅलाचे पहिले पाच कंद मला परतवाड्याच्या एका गिऱ्हाइकाने चिखलदऱ्याहून आणून दिले. चिखलदरा उंचावर, हवा थंड. तिथे कॅलाबाई पाण्याच्या काठाला मजेत राहते. अकोल्यात मे महिन्यात कावळासुद्धा नळाखाली बसतो. मी त्या पाचही कुंड्यांना उन्हाळाभर मायेने दोन-दोनदा पाणी पाजलं आणि पाचही कंद सडवले. तेव्हा कळलं की आपल्याकडे कॅलाचा हंगाम म्हणजे हिवाळा. ऑक्टोबरचा ताव ओसरू लागला की कंद लावायचा, डोळा वर करून, दोन बोटं खोल. आपली काळी माती एकटी चालत नाही, ती पाणी धरून बसते. तिच्यात बरोबरीने रेती आणि बरोबरीने जुनं शेणखत घालायचं. सकाळचं ऊन, दुपारची सावली, रोज पाणी. दोन-तीन महिन्यांत फूल. मग एप्रिलात पानं पिवळी पडतात आणि झाड जमिनीखाली झोपायला जातं. तेव्हा पाणी पूर्ण बंद. मी तर कुंडीच आडवी करून ठेवते, म्हणजे येताजाता कुणाच्या हाताला माया सुटली तरी पाणी ओतता येत नाही. पांढरी जात थोडंफार चालवून घेते, पण रंगीत कॅला झोपेत पाणी अजिबात सहन करत नाही.

एवढं सोपं आहे. पण आमची माणसं झाडाला सोपं राहू देत नाहीत.

एक बाई होत्या, बँकेत अधिकारी. कॅलाला उकडतं म्हणून त्यांनी कुंडी कूलरच्या पुढ्यात ठेवली. आमच्याकडे उन्हाळ्यात घरातली सगळ्यात मानाची जागा तीच. तिथे आजारी माणूस बसतो, जावई बसतो, आणि आता कॅला बसली. कूलरचं पाणी वरून ठिबकतंय, खालून माती चिखल झालीय, आणि बाई मला फोनवर सांगताहेत, "ताई, मी स्वतः गर्मीत झोपते हो, पण तिला कूलरसमोर ठेवते." जूनमध्ये त्या कंदाचा नुसता रस्सा उरला होता.

दुसऱ्या घरात सासूबाई गावाहून आल्या. कॅलाची पानं दिसायला अळूच्या पानांसारखी, आणि अळू म्हणजे आमच्याकडचा धोपा. सूनबाई ऑफिसात. सासूबाईंनी कुंडीतली चार कोवळी पानं खुडली, बेसन लावलं, उंडे वळले, वाफवले. नशीब की पहिला घास त्यांनी स्वतःच घेतला. तोंडाची अशी आग झाली की दवाखाना गाठावा लागला. कॅलाचं पान काय, कंद काय, काहीही पोटात जाता कामा नये, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला बजावून सांगते. बऱ्या झाल्यावर आजीबाई माझ्याकडे भांडायला आल्या. "खाता येत नाई, तं इकता काहून?" मी त्यांना कढीपत्त्याचं रोप दिलं.

असल्या भानगडींवर उपाय म्हणून मी चिठ्ठ्या सुरू केल्या. शेजारच्या रेडिमेडच्या दुकानात शर्टाच्या घडीत घालायचे पांढरे पुठ्ठे मिळतात. त्यांचे तुकडे कापायचे, भोक पाडायचं, निगा कशी राखायची ते लिहायचं आणि सुतळीने कुंडीला बांधायचं. माझं शिक्षण दहावी, पण अक्षर चांगलं आहे, आणि त्याचा मला गर्व आहे. गिऱ्हाईक चिठ्ठी वाचायच्या आधी अक्षराला दाद द्यायचं. मी "हो का" म्हणायची आणि पुढची चिठ्ठी आणखी घोटून लिहायची.

तर एका एप्रिलात, भर दुपारी बारा वाजता, इंगळे काका आले. अकोल्यात एप्रिलात बाराला बाहेर पडणारा माणूस एकतर कोर्टात निघालेला असतो किंवा अडचणीत असतो. काकांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता, खिशाला दोन पेनं, आणि सायकलच्या कॅरिअरला दोरीने आवळून कुंडी बांधलेली. पुढे कळलं की जन्मभर ते एस.टी.त कंडक्टर होते. कुंडी त्यांनी तान्ह्या लेकरासारखी दोन्ही हातांनी खाली उतरवली.

"ताई, हे मरून राह्यलं. वाचवा."

गुलाबी कॅला होती. पानं पिवळी पडून कुंडीबाहेर लोळत होती, माती ओलीगच्च.

"मरत नाई काका, झोपून राह्यली. पानी बंद करा."

"बंद म्हन्जे कमी?"

"बंद म्हन्जे बंद. सप्टेंबरपर्यंत एक थेंब नाई."

"ते नाई जमनार," काका म्हणाले.

"काहून?"

"बायको गेली मायी, मार्चात. दवाखान्यात मले म्हने, मायी लिली सांभाळजा, एक दिवस पानी चुकवू नका. मी म्हनलं, नाई चुकवत. नवकरीत मी एक फेरी चुकवली नाई ताई. हे कसं चुकवू?"

आता याला मी काय सांगणार? मी म्हटलं, कुंडी माझ्याकडे ठेवा. समोर नसली की हात आवरेल. काकांनी विचार करून मान डोलावली आणि कुंडी ठेवून गेले. मी तिला मागच्या छपराखाली कोरड्यात आडवी केली.

दुसऱ्या दिवशी काका हजर. "पाहून जातो नुसतं." तिसऱ्या दिवशी हजर. आठवडाभराने माझ्या लक्षात आलं की मी आडवी ठेवलेली कुंडी काका गेल्यावर उभी असते. आधी वाटलं मांजर. पण मांजर कुंडी पाडतं, उभी करत नाही. मग मी हिरव्या जाळीमागे उभी राहून पाळत ठेवली. काका आले, इकडेतिकडे पाहिलं, कुंडी मांडीवर घेतली, पिशवीतून बाटली काढली आणि बाटलीच्या झाकणात मोजून पाणी ओतलं. एक झाकण.

"काका!"

काका दचकले, पण उठले नाहीत. "झाकनभरच देतो ताई. चुकवलं नाई म्हनायपुरतं."

मी रागावले, मोठ्याने रागावले. काका "बरं" म्हणाले. कंडक्टरने प्रवाशाला म्हणावं तसं ते "बरं" होतं. दुसऱ्या दिवशी कुंडी पुन्हा उभी. आणि खरं सांगते, मग मीच डोळेझाक केली. भर उन्हात सायकल हाणत येऊन एक झाकण पाणी घालणाऱ्या माणसाला रोज रोज काय रागवायचं? एका झाकणाने काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं. एका झाकणाची दोन कधी झाली आणि दोनाची अर्धी बाटली कधी झाली, ते त्यांनाही कळलं नसेल.

मेच्या मध्यावर छपराखालून वास आला. कंद सडल्याचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. काका समोरच होते. मी कुंडी उलटी केली तर ओंजळीत नुसता चिखल आला, बोटांतून गळणारा.

काका उभे राहिले. शर्टाच्या खिशातून त्यांनी एक पुठ्ठा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"मी आपल्या मनानं नाई केलं ताई. हे पाहा. तिनं सैपाकघरात खिळ्याले टांगून ठिवलं होतं. जसं लिवलं तसंच केलं मी."

शर्टाच्या घडीतला पुठ्ठा होता. वर भोक, भोकात सुतळी. आणि घोटून काढलेलं सुरेख अक्षर: "रोज सकाळी पाणी घालावे. एक दिवसही चुकवू नये. माती सुकू देऊ नये."

माझी चिठ्ठी. म्हणजे त्या हिवाळ्यात काकू माझ्याकडूनच कुंडी घेऊन गेल्या होत्या. मरताना त्यांनी नवऱ्याला जे सांगितलं, ते त्यांचं बोलणं नव्हतंच. ते माझं होतं.

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण मी म्हटलं, "चहा घेता का काका?" तोंडातून तेवढंच निघालं. काकांनी चिठ्ठी घडीच्या रुमालात ठेवली. "मीच मारलं," म्हणाले आणि सायकल घेऊन गेले. त्यानंतर ते आले नाहीत.

मी विसरून अर्धी चिठ्ठी लिहिली असती तर मला इतकं लागलं नसतं. मी विसरले नव्हते. उन्हाळ्याचं मला पक्कं ठाऊक होतं, पाच कंद मारून शिकले होते. पण फुललेली कुंडी हातात घेतलेल्या बाईला "चार महिन्यांनी हे सगळं नाहीसं होईल" असं लिहून दिलं तर ती कुंडी खाली ठेवते. म्हणून लिहीत नव्हते. बघू, उन्हाळ्यात विचारायला आली तर सांगू, असा हिशेब. आमच्या धंद्यात पुष्कळजण असंच करतात, पण त्या चिठ्ठीवर अक्षर माझं होतं.

त्या चिखलात बोटं फिरवताना एक तुकडा कडक लागला. सुपारीएवढा, त्यावर एक डोळा. मी तो धारदार पात्याने साफ कापून घेतला, चुलीची राख लावली, सावलीत वाळवला आणि कोरड्या रेतीत पुरून गाडगं कपाटाखाली सरकवलं. सून म्हणाली, "आई, एवढ्याशा तुकड्याले काय फुटते?" मी म्हटलं, "तू गप राय." इतक्या वर्षांत हजारो कंद लावले, पण एखादा उगवावा म्हणून मी त्याच्यापुढे कधी असे हात जोडले नव्हते. काकांच्या घरी जाऊन खरं सांगायचं मनात रोज यायचं. रिकाम्या हाताने जायचा धीर होत नव्हता, हे मात्र खरं.

सप्टेंबरअखेरीस डोळा फुगला. ऑक्टोबरात कुंडीत लावला. दिवाळीच्या तोंडावर हिरवी सुई वर आली, मग तिचं पान उलगडलं. मी ऑटो केला, कुंडी मांडीवर घेतली आणि पत्ता विचारत काकांच्या दारात उभी राहिले.

काकांनी कुंडी पाहिली. वाकून पान निरखलं, पण हात लावला नाही.

"तीच हाये?"

"तीच. तुकडा वाचला होता."

काका खाली बसले आणि डोळ्याला शर्टाची बाही लावली. मी उभीच राहिले, कारण बसले असते तर बोलणं राहिलं असतं.

"काका, ते चिठ्ठीवरचं अक्षर मायं हाये."

ते वर पाहू लागले. मी सगळं सांगितलं. उन्हाळ्याचं ठाऊक होतं, मुद्दाम लिहिलं नाही, लिहिलं तर गिऱ्हाईक घेत नाही, आणि त्या दिवशी तोंड उघडलं नाही. वर्षानुवर्षं लोकांना फटकारत आलेली मी, माझ्याच पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते.

काका म्हणाले, "म्हन्जे पुरा पल्ला आन् अर्धंच तिकीट फाडलं तुमी."

"हो."

"तिले पायलं असन तुमी. कुंडी न्याले आली तवा."

खोटं बोलायचा मोह झाला. "नाई आठवत काका. त्या थंडीत लई लोक आले होते."

"तिले तुमी आठवत होत्या," काका म्हणाले. "चिठ्ठी फेकू देत नव्हती. म्हने, काय अक्षर हाये बाईचं, फेकवत नाई."

यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काका उठून स्वयंपाकघरात गेले. खिळ्यावरची चिठ्ठी काढून आणली, उलटी केली आणि माझ्यापुढे ठेवली. मागची बाजू कोरी होती. खिशातलं एक पेन काढून माझ्या हातात दिलं.

"आता पुरं लिवा."

मी लिहिलं. एप्रिलात पाने पिवळी पडली की पाणी बंद. कुंडी आडवी करून सावलीत ठेवावी. सप्टेंबरपर्यंत एक थेंबही घालू नये.

काकांनी तिकिटावरचा आकडा तपासावा तसं बोट ठेवून वाचलं. "आनखीन एक ओळ लिवा."

"काय?"

"मेली नाही, असं लिवा."

मी लिहिलं. त्या ओळीचं अक्षर मात्र काही चांगलं आलं नाही.

काकांनी चिठ्ठी परत खिळ्याला टांगली, जुनी बाजू समोर करून. "आता थंडी हाये. आता तिची बाजू. उन्हाळा लागला का पलटवू." मग दारापर्यंत आले आणि अवघडून म्हणाले, "पन ताई, ते पाच म्हैने मी सकाळी करू काय? पानी घालाची सवय लागली ना."

"मायाकडं या," मी म्हटलं. "उन्हाळ्यात शेकड्यानं कुंड्या तहानलेल्या असतात. जास्वंद हाये, मोगरा हाये. बाटलीच्या झाकनानं नाई, पायपानं घाला."

त्या वर्षी फूल आलं नाही. सुपारीएवढ्या कंदाला पहिल्या वर्षी फूल येत नसतं, नुसती दोन पानं आली. पुढच्या जानेवारीत आलं. काकांनी फोन केला नाही, सायकलवर कुंडीच घेऊन आले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत ती दाखवत बसले. एकाने विचारलं, याले फळ काय लागते? काका माझ्या आधी बोलले, "पाहाले लागते."

आता माझ्या सगळ्या चिठ्ठ्या दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या असतात. काही गिऱ्हाइकं पलटून वाचतात आणि कुंडी खाली ठेवतात. "पाच म्हैने झोपनार? मंग दुसरं दाखवा." सून माझ्याकडे पाहते. मी म्हणते, दाखव दुसरं.

काकांचा फोन दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतो. या वर्षी पहिला आठवडा गेला, दुसरा निम्मा सरला, फोन नाही. काकांचं वय झालं आहे. मी सुनेवर उगाच दोनदा खेकसले. तिसऱ्यांदा फोन हातात घेतला, पण नंबर लावायचा धीर होईना. शेवटी एका सकाळी सात वाजता तोच वाजला.

"ताई, यंदा पानं उशिरा पिवळी पडली. आज चिठ्ठी पलटवली," काका म्हणाले. "पाइप काढून ठिवा. उद्यापासून पान्याले येतो."